बफरवरचा हिरवा रंग

मी भुसावळला मालगाडीचा ड्रायव्हर होतो. एक्केचाळिसाव्या वर्षी मला क्षय निघाला. खोकला दोन महिने अंगावर काढला, मग एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं आणि बायकोनं धरून दवाखान्यात नेलं. तिथून सुटलो तो चार महिने घरी पडून राहायच्या आणि दीड वर्ष गोळ्या न चुकवायच्या बोलीवर. क्वार्टरची मागची खोली माझी झाली. ताट-वाटी वेगळी, टॉवेल वेगळा. दोन्ही मुली शाळेतून आल्या की दारातच उभ्या राहून बोलायच्या, उंबरा ओलांडायच्या नाहीत. त्यांच्या आईनं तसं बजावलं होतं आणि ते बरोबरच होतं.

पडून पडून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी पत्र्याचं इंजिन करायला घेतलं. पूर्वी फायरमन असताना मी सहा वर्षं ज्यांच्या हाताखाली कोळसा ओढला, ते ड्रायव्हर निवृत्त होऊन धुळ्याला राहत होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरवर त्यांचं वाफेचं इंजिन होतं, आणि ते त्यांनी घरच्या बैलासारखं ठेवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना बोलून गेलो होतो, तुमचं इंजिन मी तुम्हाला करून देईन. दहा वर्षं तो शब्द तसाच पडून होता.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी बॉयलर वळवला. कथिलाचा डाग देऊन सांधे जोडले. रिवेट हवेत म्हणून टाचण्यांची डोकी कापून एकेक चिकटवली, दोनशेच्या वर असतील. हातात धरायचे दांडे सायकलच्या तारेचे, शिट्टी बॉलपेनच्या रिकाम्या कांडीची. पोस्टकार्डावर मी आबांना विचारायचो, रुळांवर वाळू सोडायच्या पेटीचं झाकण डावीकडे उघडायचं की उजवीकडे. आबा उलट पोस्टकार्डावर चित्रच काढून पाठवायचे. त्यांचा हात कापायचा, त्यामुळे सरळ रेघही नदीसारखी यायची, पण माप चुकायचं नाही.

चार महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. रेल्वेच्या डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले, रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला लावले. मी सगळे बरोबर वाचले आणि ड्युटीवर रुजू झालो. गोळ्या चालूच होत्या. इंजिनाचं रंगकाम तेवढं उरलं होतं, ते मी सुट्टीच्या दिवशी करायचो.

काळा रंग छान बसला. तीन हात दिले, मध्ये पॉलिश पेपर मारला. मग राहिले दोनच रंग. इंजिनाच्या तोंडाशी जी आडवी पट्टी असते, जिच्यावर धक्का झेलणारे दोन बफर बसवलेले असतात, ती लाल. आणि ड्रायव्हरच्या केबिनखाली एक बारीक हिरवा पट्टा, जो आबांनी आपल्या हौसेनं रंगवून घेतला होता. बाजारातून दोन छोट्या डब्या आणल्या. डबी उघडली तर लाल रंग मला विटकरी, मळका दिसला. मी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदारानं डबी उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता दुसरी दिली. तीही तशीच. मला वाटलं, आता मालच असा येतो.

बाटल्यांच्या दोन झाकणांत थोडा थोडा रंग काढून घेतला आणि बसलो. पट्टीच्या कडा सरळ याव्यात म्हणून ब्रशचे चार केस ठेवून बाकीचे कापले होते. दोन दुपारी त्यात गेल्या. बायको चहा घेऊन आली, इंजिनाकडे पाहत क्षणभर थांबली आणि गेली.

पुढच्या सुट्टीला खोक्यात कापूस घालून इंजिन घेतलं आणि एसटीनं धुळ्याला गेलो.

आबा ओट्यावरच बसले होते. खोकं उघडलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही, नुसते वाकून बघत राहिले. वाळूची पेटी पाहिली, शिट्टी पाहिली, हसले. मग इंजिनाच्या तोंडाकडे आले आणि त्यांचं हसू थांबलं. आबा माझ्याशी कायम अहिराणीतच बोलायचे.

"ही पट्टी कोनता रंगनी शे?" त्यांनी विचारलं.

"लाल, आबा."

त्यांनी आत हाक मारून सुनेला सांगितलं, मिरच्या ठेवलेलं सूप आण. त्यांच्या शेतातल्या ओल्या मिरच्या होत्या, काही झाडावरच पिकून लाल झालेल्या, बाकीच्या हिरव्या. सूप माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "लाल लाल येगळ्या काढ."

मला गंमत वाटली. मी निवडायला लागलो. पाच-सहा मिरच्या काढल्यावर हात अडखळला. सगळ्या मिरच्या मला सुकत आलेल्या गवताच्या रंगाच्या दिसत होत्या. काही जरा गडद, काही जरा फिक्या. मी अंदाजानं निवडत राहिलो. सून दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, तेव्हा मला कळलं की मी चुकतोय.

आबांनी सुनेला आत जायला सांगितलं. माझ्यापुढचा मिरच्यांचा ढीग हातानं विस्कटला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुले लाल दिसत नही. गाडीवर जाऊ नको."

मी काय काय बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. ओट्यावर उजेड कमी आहे म्हटलं. थकलोय म्हटलं. मग त्यांचे पाय धरले. आबांना सांगितलं की आत्ता कुठं आजारातून उठलोय, ड्रायव्हरकी गेली तर कुठल्या तरी कोपऱ्यात स्टुलावर बसवतील, मुली लहान आहेत, मला दुसरं काही येत नाही. ते ऐकत राहिले. सिग्नल न दिसणारा माणूस गाडी चालवतो म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. शेवटी त्यांनी आठ दिवस दिले. आठ दिवसांत मी स्वतः डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर ते स्वतः रेल्वेच्या ऑफिसला चिठ्ठी टाकणार. इंजिन त्यांनी ठेवून घेतलं.

घरी येताना एसटीच्या खिडकीतून मी सगळ्या रस्ताभर रंग शोधत होतो. एका बाईचं लुगडं, मैलाचे दगड, पाटी. पिवळा दिसत होता, निळा स्वच्छ दिसत होता. लाल आणि हिरवा कुठंच नव्हते. ते केव्हा गेले, मला कळलंही नव्हतं.

आठ दिवसांपैकी सहा दिवस मी गाडी चालवली.

हे लिहिताना मला कुठलीही सबब सांगायची नाही. मी ड्युटी लावणाऱ्या बाबूकडे गेलो आणि सुरत लाइनच्या दिवसाच्या गाड्या मागून घेतल्या. आजारातून उठलोय, रात्रीचं जागरण झेपत नाही, असं सांगितलं. त्या लाइनवर हाताचे सिग्नल होते. खांबावरचा हात आडवा असला तर थांबायचं, खाली पडलेला असला तर जायचं. दिवसा रंग दिसायची गरजच नाही. मेन लाइनवर, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कोळशाच्या गाड्यांना, दिव्यांचे सिग्नल असत. तिथं कुठला दिवा वर आणि कुठला खाली यावरून ओळखता येतं, पण ते जवळ गेल्यावर. लांबून नुसता एक ठिपका.

भुसावळ ते जळगाव हा तुकडा मेन लाइनचाच, तो टाळता येत नव्हता. तिथं मी माझ्या असिस्टंटच्या जिवावर निभावून न्यायचो. तो बोदवडकडचा, माझ्याच वयाचा, घरी कपाशी, स्वभावानं अबोल. नियम असा होता की सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं रंग सांगायचा आणि ड्रायव्हरनं तो स्वतः बघून पुन्हा उच्चारायचा. मी न बघता उच्चारत होतो. तो "हिरवा" म्हणाला की मी "हिरवा". एका सकाळी त्याला खोकला आला, त्याचं सांगायचं राहिलं आणि सिग्नल डोक्यावरून मागं गेला. आम्ही पुढं सुखरूप गेलो. तो सिग्नल कोणत्या रंगाचा होता हे मला आजही माहीत नाही.

चौथ्या दिवशी जळगावच्या एका चष्मेवाल्याकडून मी ठिपक्यांचं पुस्तक मागून आणलं. भाच्याला नोकरीची परीक्षा आहे, असं खोटं सांगितलं. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, तू पान उघड, आकडा सांग, मी पाठ करतो. रेल्वेचं पुस्तक हेच असतं, पानांचा क्रम हाच असतो. तिनं का म्हणून विचारलं नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती पानं उलटत होती. पहिलं पान बारा, दुसरं आठ, तिसरं सहा. पानाच्या कोपऱ्यावर पडलेला डाग, बाइंडिंगचा सुटलेला दोरा, अशा खुणा मी लक्षात ठेवत होतो. सात-आठ पानं झाली आणि तिनं पुस्तक मिटलं.

"त्या दिवशी चहा द्यायला आले तेव्हाच मला दिसलं होतं," ती म्हणाली. "इंजिनाची पुढची पट्टी हिरवी आणि खालची लाल. मला वाटलं, धुळ्याचं इंजिन तसं असेल. मला काय कळतं इंजिनातलं."

मी म्हटलं, "पुढचं पान उघड."

"पुस्तक पाठ होईल हो," ती म्हणाली. "सिग्नल कसे पाठ करणार?"

मी तिच्यावर ओरडलो. पंधरा वर्षांच्या संसारात इतका कधी ओरडलो नव्हतो. मुली आतल्या खोलीतून उठून आल्या. माझ्या पगारावर तुमचं सगळ्यांचं चाललंय, असं काहीतरी मी बोललो. ती उठली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मुलींना घेऊन शेजारी गेली. मी एकटाच बसून पानं चाळत राहिलो. ठिपकेच ठिपके होते. एकाही पानात आकडा नव्हता.

सहाव्या दिवशीची गाडी दुपारचीच होती, पण जळगावला तिला तीन तास उभं केलं. निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. हिवाळ्याचे दिवस, रिकामे डबे, डिझेल इंजिन. धरणगाव सुटलं तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली. मागच्या बाजूला कसला तरी आवाज येतोय म्हणून असिस्टंट इंजिनाच्या आत बघायला गेला. मी एकटा होतो.

पुढच्या स्टेशनचा सिग्नल बाभळींच्या मागून एकदम समोर आला. आभाळ काळवंडलं होतं, खांबावरचा हात दिसत नव्हता, फक्त दिवा. मी त्या दिव्याकडे बघितलं. पिवळसर, मळकट, एखाद्या शेतातल्या कंदिलासारखा. तो हिरवा असू शकत होता, लालही असू शकत होता. मी स्वतःला सांगितलं, हिरवा असणार, या गाडीला इथं कधी थांबवत नाहीत. हात थ्रॉटलवरच राहिला. मी मनात मोजत होतो, खांब किती जवळ आला. मोजताना मला जाणवलं की मी देवाचं नाव घेतोय. सिग्नल बघायचा सोडून मी देवाचं नाव घेत होतो. तेव्हा ब्रेक ओढला.

गाडी कचकचत, डब्यावर डबा आदळत, खांबाच्या अलीकडे थांबली. असिस्टंट धडपडत पुढं आला. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं.

"भाऊ, सिग्नल तर पडलेला आहे," तो म्हणाला. "हिरवा आहे."

मी ब्रेकवरचा हात काढला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "मी किती दिवसांपासून ओरडून ओरडून सांगतोय. मला वाटलं, तुम्ही स्वतःच थांबाल."

त्याला माहीत होतं. माझा उच्चार नेहमी त्याच्या मागून, आणि मान खाली ठेवून येतो, हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तोही घाबरलेला होता. माझी तक्रार केली तर आजारी माणसाच्या पोटावर पाय दिल्याचं पाप, नाही केली तर आपलाच जीव. गाडी का थांबली याचं कारण काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, मी सही करतो, असं तो म्हणाला. पण उद्यापासून तुमच्याबरोबर इंजिनावर चढणार नाही, हेही त्यानं तिथंच सांगून टाकलं.

तिथून अमळनेरपर्यंत तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि प्रत्येक सिग्नल, प्रत्येक दिवा, गेटवाल्याच्या हातातला कंदीलसुद्धा सांगत गेला. मी त्याच्या मागून म्हणत गेलो. अमळनेरला मी पोटात कळ आल्याचं सांगून गाडी दुसऱ्याच्या हवाली केली. स्टेशनवरच्या नळाखाली डोकं धरलं आणि तिथं बसून रडलो. तो बाजूला उभा होता. त्यानं मला उठवलं नाही, तो गेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी भुसावळला पोचलो आणि घरी न जाता दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सांगितलं, मला लाल आणि हिरवा कळत नाही. त्यांनी पुस्तक उघडलं. मला पहिली सात-आठ पानं पाठ होती, ती मी वाचली नाहीत. दिसत नाही, एवढंच प्रत्येक पानाला म्हणत गेलो. मग त्यांनी माझ्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली आणि एका गोळीच्या नावाखाली रेघ मारली. ही गोळी हजारात एखाद्याच्या डोळ्याच्या नसेवर बसते, आधी रंगच जातात, असं त्यांनी समजावलं. मी त्यांना विचारलं की आठ दिवस आधी आलो असतो तर काय फरक पडला असता. डोळ्यांना विशेष नाही, असं ते म्हणाले.

गोळी बंद झाली. ड्रायव्हरकी त्याच दिवशी गेली. मला इंजिनांच्या शेडच्या टाइम ऑफिसात बसवलं, कामगारांची हजेरी लिहायला. कालपर्यंत मला भाऊ म्हणणारे फायरमन आता रांगेत उभे राहून आपला हजेरीचा तिकीट नंबर सांगायचे आणि नजर चुकवायचे. असिस्टंट मात्र रोज खिडकीशी थांबायचा, तब्येत विचारायचा. वर्षभरानं तो ड्रायव्हर झाला. पेढे द्यायला घरी आला, तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर निघून गेलो. बायकोनं त्याला चहा केला, माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. या वागण्याची मला अजून लाज वाटते.

रंग परत येतील असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते आलेही, पण फार सावकाश. टाइम ऑफिसच्या भिंतीवर आग विझवायच्या बादल्या टांगलेल्या होत्या. दहाव्या महिन्यात एका सकाळी त्या मला लाल दिसल्या. पूर्वीसारख्या नाहीत, पण लाल. मी खुर्ची सोडून जवळ गेलो, हात लावला. मग अर्ज केला, पुन्हा तपासणी करा म्हणून. डॉक्टरांच्या बोर्डापुढं गेलो. यावेळी पुस्तक वेगळं होतं. बरीच पानं वाचली, तीन चुकली. तिथले मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी ती तीन पानं मला पुन्हा दाखवली, खिडकीजवळ नेऊन दाखवली. मी डोळे फाडफाडून बघितलं. मला आकडा दिसला नाही. त्यांनी पुस्तक मिटून मी गाडीला अपात्र असल्याच्या कागदावर सही केली.

त्यानंतर मी धुळ्याला गेलो. मधल्या काळात आबांना एक ओळही लिहिली नव्हती. ते बरेच खंगले होते. इंजिन आतल्या फळीवर होतं, तसंच, पट्टी हिरवी आणि पट्टा लाल. मी म्हटलं, आबा, हे दुरुस्त करू द्या. सुनेच्या हातून त्यांनी दोन डब्या आणवून ठेवलेल्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

ओट्यावर बसून मी जुना रंग खरवडला. ब्रश बुडवायच्या आधी मी दर वेळी डबीकडे बोट दाखवायचो आणि आबा मान हलवायचे. मला आता दिसत होतं, तरी विचारल्याशिवाय हात पुढं जात नव्हता. पट्टी अर्धी झाली तेव्हा आबांनी त्या आठ दिवसांचा विषय काढला. चिठ्ठी त्यांनी मी गेलो त्याच संध्याकाळी लिहिली होती. ती टाकायला दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले होते. टाकवली नाही. मी गाडी सोडल्याचं कानावर येईपर्यंत रोज सकाळी पेपरवाल्याची वाट बघत दारात उभे राहायचे, कुठं अपघाताची बातमी आहे का म्हणून. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नव्हता, आणि ते आठ दिवस मात्र मला चालवू दिलं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी ब्रश खाली ठेवला. तेच म्हणाले, "रंग वाळी जाई. कर पुरं."

मी पट्टी पुरी केली. सुनेनं जेवायला वाढलं. आबांनी राहायचा आग्रह केला, पण सकाळी सातला हजेरीची खिडकी उघडायची होती, म्हणून मी संध्याकाळच्या एसटीनं निघालो.